मुक्या रुग्णाचे निदान

नागपूरच्या सेमिनरी हिल्स परिसरातील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले, तेव्हा पशुवैद्यक म्हणजे गुरांचा डॉक्टर हेच समीकरण रूढ होते. कुत्रा अंगणातला राखणदार आणि मांजर उंदरांचा बंदोबस्त करणारी. त्यांच्या दुखण्यासाठी दवाखाना गाठण्याची कल्पनाच नव्हती. २००० साली महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची स्थापना होऊन त्याचे मुख्यालय नागपुरात आले आणि हे महाविद्यालय त्याच्या छत्राखाली गेले. दरम्यान शहरही बदलले. सदनिकांमध्ये लॅब्रॅडोर, पग, पर्शियन मांजरी दिसू लागल्या आणि रक्ततपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी हे शब्द श्वानप्रेमींच्या बोलण्यात आले. साधने वाढली; रुग्ण मात्र आजही अनेकदा उशिराच दवाखान्यात पोहोचतो.

याचे मूळ प्राण्यांच्या स्वभावात आहे. आजार लपवणे ही त्यांची उपजत वृत्ती. त्यामुळे मालकाने सांगितलेली हकिगत हीच पशुवैद्यकाची पहिली तपासणी ठरते: खाणे कधीपासून कमी झाले, लघवी कशी होते, लस केव्हा टोचली, घरात गोचिडी आढळल्या का. त्यानंतर हिरड्यांचा रंग पाहिला जातो. फिकट हिरड्या रक्तक्षयाकडे, पिवळसर हिरड्या काविळीकडे बोट दाखवतात. ताप गुदद्वारात थर्मामीटर ठेवून मोजतात. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाचा मापदंड लावून निरोगी कुत्र्यालाही ताप आल्याची समजूत करून घेणारे मालक कमी नाहीत.

गोचीड ताप

उष्ण हवामानात कुत्र्यांना ग्रासणारा महत्त्वाचा आजार म्हणजे गोचीड ताप. तपकिरी गोचीड घरातही सुखाने नांदते. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे हजारांच्या संख्येने अंडी घालते. म्हणूनच नुसते कुत्र्याला धुऊन भागत नाही. घर आणि त्याची झोपण्याची जागाही स्वच्छ करावी लागते. या गोचिडीच्या चाव्यातून एर्लिशिया नावाचे जिवाणू शरीरात शिरतात व पांढऱ्या पेशींत घर करतात. गोचिडींमार्फतच पसरणारा बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. दोन्हींची बाह्य लक्षणे सारखीच: ताप, सुस्ती, भूक मंदावणे, कधी नाकातून रक्त.

उपचार मात्र वेगळे. एर्लिशियावर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावे लागते. बबेसियाला केवळ त्याने आळा बसत नाही, त्याची औषधे निराळी. म्हणून आधी तपासणी. कानाच्या कडेचा रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही जुनी आणि स्वस्त पद्धत आजही उपयोगी आहे. पट्टीवर जंतू दिसला तर निदान पक्के. न दिसला तर आजार नाही, असे मात्र म्हणता येत नाही. सोबत रक्तपेशींची मोजणी होते. कुत्र्याच्या प्लेटलेट सर्वसाधारणपणे प्रति मायक्रोलिटर दोन ते पाच लाख असतात. या आजारात त्या झपाट्याने घसरतात. काही मिनिटांत निकाल देणारी किट रक्तातील प्रतिपिंडे शोधते, पण ती बरे झाल्यावरही अनेक महिने टिकतात, म्हणून केवळ किटवर विसंबणे धोक्याचे. शंका उरल्यास पीसीआर चाचणी करतात.

खरी फसगत पुढेच आहे. चार-पाच दिवसांत कुत्रा खाऊ लागतो आणि गोळ्या बंद होतात. उपचार न झालेला किंवा अर्धवट राहिलेला एर्लिशिया कित्येक महिने, कधी वर्षेही, गुपचूप शरीरात राहू शकतो. कुत्रा धडधाकट दिसतो आणि एके दिवशी अस्थिमज्जाच पेशी बनवणे थांबवते. त्या अवस्थेत रक्त चढवूनही अनेकदा यश येत नाही. जर्मन शेफर्ड जातीत हा आजार विशेष तीव्र असतो.

चित्र दाखवणाऱ्या तपासण्या

एक्स-रे हाडे, छाती आणि गिळलेली वस्तू दाखवतो; सोनोग्राफी पोटातील मऊ अवयव. नसबंदी न झालेल्या मादीला माज येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी सुस्ती आणि अति तहान जाणवू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन सोनोग्राफी करतात. खात्रीचा उपाय शस्त्रक्रिया. मूत्रपिंडाची गोष्ट आणखी कठीण. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडाचे सुमारे तीन चतुर्थांश कार्य गमावलेले असते. म्हणून सात-आठ वर्षांवरील प्राण्याची वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासणी करणे शहाणपणाचे.

काही प्रसंगी वेळच उरत नाही. नर मांजराची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. २३ मे २०१३ रोजी नागपूरने ४७.९ अंश सेल्सिअस तापमान अनुभवले. अशा उन्हात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला दुपारी फिरवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. अंग पाण्याने भिजवून, वारा घालत दवाखाना गाठावा. घरच्या डब्यातील पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ती पचवणारी यंत्रणा तिच्या यकृतात अपुरी असते.

पिल्लांना पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, ठरावीक अंतराने द्यावी लागते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लस निष्प्रभ करू शकतात आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे, म्हणून एका डोसावर थांबता येत नाही.

रेबीजपुढे मात्र सारी यंत्रे थिटी पडतात. जिवंत कुत्र्यात खात्रीने निदान करणारी चाचणी नाही. मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतूनच ते पक्के होते. कुत्र्याला वेळेवर लस आणि चावा बसलेल्या माणसाने जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालय गाठणे, एवढेच हाती उरते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. प्राण्यांतून माणसांत येणाऱ्या अशाच आजारांचा अभ्यास हे या संस्थेचे प्रयोजन आहे.