लाइफसेव्हिंग आणि गुत्तेवाल्याची गिनी

हल्ली 'लाइफसेव्हिंग' म्हटलं की आधी औषध आठवतं. लाइफसेव्हिंग ड्रग, लाइफसेव्हिंग इंजेक्शन वगैरे. मराठीत आपण दोन शब्द केलेत: औषध 'जीवनरक्षक' आणि चौपाटीवरचा शिट्टीवाला 'जीवरक्षक'. इतिहासात मात्र पहिला नंबर पाण्याचा!

अॅमस्टरडॅम म्हणजे कालव्यांचं शहर. तिथे १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. तिचं बघून १७७४ मध्ये विल्यम हॉज आणि थॉमस कोगन यांनी लंडनमध्ये तसंच मंडळ काढलं. पुढे तेच रॉयल ह्यूमेन सोसायटी झालं. मूळ नाव लांबलचक, पण त्यातले कळीचे शब्द होते 'वरवर मृत दिसणारे'. म्हणजे काय, तर मेलेला दिसतो म्हणून मेलाच असं धरू नका. उपचारांत तोंडाने श्वास देणं होतं, तसंच गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणंही होतं. असो.

खरी गंमत बक्षिसांत आहे. माणूस जगला तर ४ गिनी. दोन तास खटपट करूनही गेला तरी २ गिनी. आणि ज्या गुत्तेवाल्याने ते शरीर आपल्याकडे आत घेऊ दिलं, त्याला १ गिनी! दारात प्रेत आणि मागाहून कटकट, कोणाला हवी? लोकांनी ही सिस्टीमही गंडवलीच. एकाने बुडायचं सोंग करायचं, दुसऱ्याने वाचवायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. मग रोख रकमेऐवजी पदकं आली.

आता आपला हायवे बघा. अपघात झाला की गाड्या हळू होतात, थांबत नाहीत. "पोलिसांचं लचांड नको" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. हा तोच गुत्तेवाला! सुप्रीम कोर्टाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या नियमांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं: चांगल्या हेतूने मदत करताना जखमीला काही झालं, तरी मदत करणाऱ्यावर खटला नाही. नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही. २०२१ मध्ये तर गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्यासाठी ५,००० रुपयांचं बक्षीस जाहीर झालं.

म्हणजे अडीचशे वर्षांनी आपण त्या एका गिनीपाशी आलो. औषध कितीही लाइफसेव्हिंग असो, जखमी तिथवर पोचायला हवा ना! तेव्हा १०८ फिरवा, आणि थांबा. कायदा तुमच्या बाजूने आहे.