गुरुदीक्षा आणि क्षेत्राधिकार : गोमंतकांतील एतद्देशीय पाद्र्यांचा झगडा

गोमंतकांतील ख्रिस्ती संप्रदायाचा विषय निघाला म्हणजे वाचकांपुढें धर्मांतराचा आणि इन्क्विझिशनचा इतिहास उभा राहतो. परंतु धर्मांतरानंतरच्या पिढ्यांत त्याच समाजांत एक निराळा झगडा सुरू झाला व तो दीर्घकाळ चालला. गुरुपदाची दीक्षा कोणास द्यावी, आणि दीक्षित गुरूच्या हातीं कोणतें काम सोंपवावें, हे त्यांतील दोन प्रश्न होत. ते वेगळे केल्यावांचून त्या काळच्या घटनांची संगति लागत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

रोमन कॅथलिक शास्त्राप्रमाणें गुरुदीक्षा हा सात संस्कारांपैकीं एक असून तो बिशपानेंच द्यावयाचा असतो. त्या काळीं उमेदवार द्वारपाल, वाचक, भूतनिवारक व दीपवाहक ह्या चार कनिष्ठ पायऱ्या चढून पुढें उपसेवक, सेवक आणि शेवटीं गुरु होत असे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें सन १५६३ मध्यें ह्या संस्काराचे नियम घालून दिले. त्यांत गुरु होणारास पंचविसावें वर्ष लागलेलें असावें असें ठरविलें, आणि उमेदवारांच्या शिक्षणासाठीं पाठशाळा काढण्याची आज्ञा बिशपांस केली. एकदां दिलेली दीक्षा पुसली जात नाहीं. मिस्साविधि करण्याचें सामर्थ्य गुरूच्या अंगीं कायम राहतें. मात्र एखाद्या गांवचें चर्च चालविणें किंवा लोकांचें पापनिवेदन ऐकून त्यांस मुक्त करणें यांस क्षेत्राधिकार लागतो, व तो तेथील बिशपाकडून मिळावा लागतो. म्हणजे दीक्षा असूनहि मनुष्य अधिकारहीन राहूं शकतो. गोमंतकांत पुष्कळ अंशीं हेंच घडलें.

गोव्याचें बिशपक्षेत्र सन १५३४ मध्यें स्थापन झालें. पोपांनीं पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील चर्चच्या संरक्षणाचा हक्क, ज्यास 'पाद्रोआदो' म्हणत, दिलेला होता. त्यायोगें बिशप नेमण्यास नांव सुचविणें राजाच्या हातीं होतें, आणि चर्चच्या खर्चाचा भारहि त्याजवर होता. सन १६०६ च्या गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेनें एतद्देशीयांपैकीं ब्राह्मण, प्रभु व तत्सम कुलीन मानलेल्या जातींतील उमेदवारांसच दीक्षा देण्याचा निर्बंध घातला. ख्रिस्ती झाल्यावर जातिभेद सुटावा अशी अपेक्षा असतां तो दीक्षेच्या नियमांतच शिरला. इतकी गाळणी होऊन जे गुरु झाले, त्यांच्या वाट्यासहि बहुधा दुय्यम कामेंच आलीं. साष्टींतील चर्चें जेझुइटांच्या व बारदेशांतील फ्रान्सिस्कनांच्या ताब्यांत होतीं. एतद्देशीय गुरु त्यांचे मदतनीस म्हणून राबत.

ह्या स्थितीस पहिला मोठा धक्का दिवाडी बेटांतील मातेउश द कास्त्रु ह्या ब्राह्मणकुलोत्पन्न ख्रिस्ती गृहस्थानें दिला. गोव्याच्या आर्चबिशपानें दीक्षा नाकारल्यावर तो खुष्कीच्या मार्गानें रोमला गेला. तेथें सन १६२२ मध्यें धर्मप्रसाराचें स्वतंत्र खातें, 'प्रोपागांडा', स्थापन झालें होतें, आणि एतद्देशीय गुरु तयार व्हावेत हें त्याचें धोरण होतें. कास्त्रूनें रोममध्येंच अध्ययन करून दीक्षा घेतली. गोव्यांत परतल्यावर त्याचे रोमचे अधिकारपत्र मानले गेले नाहींत. तेव्हां तो पुन्हां रोमला गेला, आणि सन १६३७ मध्यें त्यास बिशप करण्यांत आलें.

ही नेमणूक मोठ्या युक्तीची होती. त्याला क्रिसोपोलिस ह्या नामशेष क्षेत्राचा किताब दिला, आणि प्रत्यक्ष अधिकार 'पोपचा प्रतिनिधि' म्हणून विजापूरच्या आदिलशाही मुलखांत दिला. त्यामुळें राजाच्या हक्काचा प्रश्न टाळतां येई, असा रोमचा हिशेब होता. कास्त्रूनें त्या वेळीं आदिलशाहींत असलेल्या डिचोलीस ठाणें करून गोमंतकीयांस दीक्षा देण्यास आरंभ केला. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनीं त्या मान्य केल्या नाहींत. सन १६५३ मध्यें त्यानें गोव्याच्या ब्राह्मणांस उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' ह्या नांवाचें जळजळीत पत्र लिहिलें. नांवावरूनच दिसतें कीं, त्याची तक्रार सर्व एतद्देशीयांच्या वतीनें नव्हती; स्वजातीचा अभिमान त्यांत होता.

बाणावलीचे जुझे वाझ ह्यांचा मार्ग निराळा. सन १६७६ मध्यें दीक्षा घेऊन ते पुढें एतद्देशीय गुरूंच्या संघांत शिरले, आणि सन १६८७ मध्यें सिलोनांत गेले. तेथें डचांच्या छळामुळें कॅथलिक लोक गुरुहीन झाले होते. जेथें युरोपीय गुरूस शिरकाव नव्हता, तेथें गोमंतकीय गुरूस क्षेत्र मोकळें मिळालें. सन १७११ मध्यें कँडी येथें त्यांचा अंत झाला, आणि सन २०१५ मध्यें त्यांस संतपद देण्यांत आलें.

सन १७६१ च्या राजाज्ञेनें पूर्वेकडील बाप्तिस्माप्राप्त प्रजा पोर्तुगीजांच्या बरोबरीची ठरली. परंतु वरिष्ठ पदें एतद्देशीयांस दुर्मिळच राहिलीं. कायतान फ्रांसिश्क कोवत व जुझे आंतोनियु गोंसाल्विश हे दोन गुरु लिस्बनहून निराश होऊन परतले, आणि सन १७८७ च्या पिंटोंच्या कटांत पुढारी म्हणून गणले गेले. कटाची हकीकत मुख्यत्वें सरकारी तपासाच्या कागदांतून आली असल्यानें त्यांतील हेतु सावधपणें घ्यावे. तथापि शिक्षेंतील भेद लक्षणीय आहे. पंधरा असामींस सन १७८८ मध्यें देहान्त शासन झालें. पकडलेल्या गुरूंस मात्र लिस्बनला पाठविण्यांत आलें. जी दीक्षा त्यांस पद देऊं शकली नाहीं, तिनें फांसापासून मात्र त्यांस वांचविलें.

एकंदर वृत्तान्तावरून आम्हांस असें दिसतें कीं, एतद्देशीयांस दीक्षा द्यावी हें तत्त्व गोव्यांत लौकरच मान्य झालें होतें. अडथळा क्षेत्राधिकारापाशीं होता. कास्त्रूस बिशपपद मिळालें तें गोव्याबाहेरील मुलखाचें. खुद्द गोव्याच्या आर्चबिशपपदावर पहिला गोमंतकीय, राउल गोंसाल्विश, बसण्यास सन १९७८ उजाडावें लागलें. सन १६३७ पासून मोजल्यास हें अंतर ३४१ वर्षांचें भरतें.