कॅमेरा स्वस्त, भिंग महाग

फोटोविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे जरा अवघडच काम. ऐकणाऱ्याला दिसत नाही आणि बोलणाऱ्याला दाखवता येत नाही. पण कॅमेऱ्याची गोष्ट ही मुळात पैशांची गोष्ट आहे, आणि पैशांची गोष्ट डोळे मिटूनही नीट कळते.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. पण ती शहरातली, ऐपतदार मंडळी. पैसे मोजून, विचार करून, यंत्राच्या नादी लागलेला साधा मराठी माणूस बघायचा तर सावेदादांकडे यावं लागतं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचं पूर्ण नाव. फोटोचा धंदा करणाऱ्या या गृहस्थांनी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं पाहिली आणि विलायतेहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यावर टिपली.

त्यानंतर दादासाहेब फाळके. त्यांची हकिगत आपण ‘राजा हरिश्चंद्र’पासून सांगायला लागतो, पण मला त्याच्या आधीचा हिशेब जास्त आवडतो. विम्याच्या बारा हजारांच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी दहा हजार उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला तो ५० पौंडांना. त्या वेळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे साडेसातशे रुपये झाले. दहा हजारांतले फक्त साडेसातशे! उरलेला पैसा प्रवासाला, कोऱ्या फिल्मला, फिल्मच्या कडेला भोकं पाडणाऱ्या यंत्राला, रसायनांना आणि घर चालवायला लागणार होता. त्या भोकं पाडण्याच्या कामात सरस्वतीबाईंचे हात होते. भांडवल मिळावं म्हणून त्यांनी आधी वाटाण्याचं रोप उगवताना टिपून दाखवलं. एवढंसं रोप, पण सावकाराची खात्री पटली. कॅमेरा घेणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा. खर्च डबीचा नसतो, डबीच्या पुढेमागे जे लागतं त्याचा असतो.

आमच्या ब्रह्मपुरीकडे कॅमेरा आला तो मात्र दुसऱ्याच्या हातातून. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. हिंदुस्थानभरच्या जातीजमातींचे फोटो त्यात आहेत. फोटोखाली बहुतेक ठिकाणी जमातीचं नाव आहे, माणसाचं नाही. पुढे १९१६ साली रसेलसाहेबांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड आले, त्यांतही फोटो आहेत आणि आमच्या भागातला गोंड आहे. तो कुणाचा मुलगा, कोणत्या गावचा, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. मी कविता लिहिणारा माणूस, मला नाव नसलेला चेहरा टोचतो.

आमच्या घरात भिंतीवर फोटो लावत नसत. धर्माचा प्रश्न होता. पण अब्बांना हजला जायचं ठरलं तेव्हा पासपोर्टला फोटो लागला, आणि तो एवढासा चौकोन पुढे अम्मीने कुराणशरीफच्या कपाटाखालच्या पेटीत, कागदात गुंडाळून, आयुष्यभर जपला. भिंतीवर नाही तर नाही. शेजारच्या हिंदू घरांत वेगळाच पेच असे. म्हातारी गेली की तेरवीला फोटो हवा, आणि फोटो कुठे असणार? कुठल्यातरी पुतणीच्या लग्नाच्या ग्रुपफोटोत मागच्या ओळीत. स्टुडिओवाला तेवढाच चेहरा उचलून मोठा करून देई. डोळे धुरकट, कपाळ अर्धं. पुढे १९९३ पासून शेषनसाहेबांनी मतदारांना फोटोची ओळखपत्रं द्यायला लावली. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायांच्या जन्मातला पहिला फोटो तो. लोकशाहीने दिलेला म्हणा.

माझ्या तरुणपणी गावातल्या हौशी माणसाकडे असे तो आग्फाचा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो. सूर्याची खूण आणि ढगाची खूण, एवढीच निवड. बारा म्हणजे बाराच, म्हणून माणूस बटण दाबायच्या आधी विचार करी. लग्नातही किती रोल घालायचे हे आधी ठरे. रोल, धुलाई, प्रिंट, सगळ्याला पैसे. गरिबाचा फोटो कमी निघण्याचं कारण कॅमेऱ्याची किंमत नव्हती, दर बटणाची किंमत होती. डिजिटलने हीच किंमत काढून टाकली. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, जवळजवळ साडेतीन किलोचा, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत. त्याच कोडॅकला २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, हा भाग निराळा. २००३ मध्ये कॅननने ‘३००डी’ काढला. भिंग बदलता येणारा, आरशाचा डिजिटल कॅमेरा अमेरिकेत प्रथमच हजार डॉलरच्या आत आला. आमच्यापर्यंत ती लाट पोचायला आणखी काही वर्षं गेली.

२०१० ची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने ठरवलं की कॅमेरा घ्यायचा. ‘‘चाचा, तुम्ही चला नागपूरला, तुम्ही हो म्हटलं की अब्बा पैसे देतात.’’ पैसे म्हणजे पस्तीस हजार, त्यांतले निम्मे त्याचे. मी त्याला एकच विचारलं, काढणार काय? तो म्हणाला, रात्री नाटक आणि दिवसा पट.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. दिवाळीनंतर धान निघालं की आमच्या गावोगावी मंडई भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, ते पार उजाडेपर्यंत. नाटक मंडळ्यांचं माहेर म्हणजे वैनगंगेपलीकडचं देसाईगंज, आम्ही त्याला वडसा म्हणतो. या दोन गोष्टी कॅमेऱ्याची अशी परीक्षा घेतात की विचारू नका. पटात बैल समोरून गेला की गेला. फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात घ्यावा लागतो, आणि लांबून. नाटकात उजेड थोडा आणि पिवळा, फ्लॅश मारला की नटाच्या डोळ्यांपुढे अंधारी.

पोराने कागदावर दोन रकाने पाडले होते, निकॉन आणि कॅनन. निकॉनची भिंगं कॅमेऱ्याला जोडायची खाच १९५९ पासून तीच आहे, ही त्या कंपनीची थोरवी. पण २००६ च्या ‘डी४०’ पासून स्वस्त कॅमेऱ्यांतून त्यांनी फोकस फिरवणारी मोटर काढून टाकली. त्यामुळे ज्या जुन्या भिंगात स्वतःची मोटर नाही, ते या स्वस्त कॅमेऱ्यावर लागतं खरं, पण फोकस हाताने करावा लागतो. अंधारात, हलणाऱ्या नटावर! मोटर असलेलं ३५ मिलिमीटरचं भिंग निकॉनने २००९ मध्ये आणलं होतं, पण ते महाग पडत होतं. उलट कॅननने १९८७ मध्ये जुनी खाच मोडून नवी केली, जुन्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, पण मोटर भिंगातच बसवली. म्हणून त्यांचं ५० मिलिमीटरचं, १.८ चं स्वस्तातलं भिंग सगळ्यात स्वस्त कॅमेऱ्यावरही आपोआप फोकस करत होतं.

हा १.८ चा आकडा काय, तो थोडक्यात सांगतो. भिंगाचं तोंड किती उघडतं, त्याचं ते माप. आकडा लहान तेवढं तोंड मोठं. कॅमेऱ्याबरोबर मिळणारं १८-५५ चं भिंग लांबच्या टोकाला ५.६ पर्यंतच उघडतं. १.८ त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेतं. दहापट! दुकानात दोन भिंगांचा जोड घ्या म्हणून आग्रह चालला होता, वाघ काढायला कामी येईल म्हणे. पोरगा हसला. ब्रह्मपुरीच्या माणसाला वाघासाठी लांबचं भिंग काय कामाचं, आमच्या बांधीत तो बोलावल्याशिवाय येतो. पुढे २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बांधले गेले आणि त्यांनी साडेतीन कोटींच्या आसपास फोटो काढले, त्यांत वाघाचे ७६,६५१. त्यांतल्या एकाही फोटोमागे डोळा लावलेला माणूस नव्हता.

कॅननचा ‘१०००डी’, त्याच्यासोबतचं साधं भिंग, आणि ते ५० मिलिमीटरचं. एवढं घेऊन आम्ही रात्रीच्या गाडीने परतलो. छोट्या सेन्सरमुळे ५० चं भिंग ८० सारखं वागतं, त्यामुळे तिसऱ्या ओळीतून नटाचा चेहरा छातीपर्यंत भरून येई. त्या फोटोंची कामं मिळत गेली. पोरगा प्रत्येक फोटोच्या फाइलला नटाचं नाव, मंडळाचं नाव आणि गावाचं नाव देतो. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना नाटकाच्या मांडवाबाहेर उभं करून त्यांचेही काढतो, तेरवीला मागच्या ओळीतला चेहरा उचलावा लागू नये म्हणून.

पटासाठी ५५-२५० चं भिंग त्याने २०१२ मध्ये घेतलं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि ते भिंग डब्यात गेलं. परवानगी पुन्हा मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. आठ पावसाळे! आमच्या पावसाळ्यात भिंगाच्या काचेला आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्या दर महिन्याला बदलत, त्याने ते जपलं.

आता आरशाचे नवे कॅमेरे निघणं जवळजवळ थांबलं आहे, सगळा बाजार बिनआरशाच्या यंत्रांकडे वळला. म्हणून जुने कॅमेरे स्वस्तात मिळतात. परवा वडशाचा एक पोरगा पुतण्याकडे विचारायला आला, बजेट पंधरा हजार. पुतण्याने त्याचं आधी ऐकून घेतलं, मग त्याने आणलेलं जुनं भिंग बॅटरीच्या उजेडासमोर धरलं आणि बराच वेळ काचेत बघत राहिला.