क्राकूव : अल्पमुक्कामाचे नियोजन

क्राकूव : पोलंडची जुनी राजधानी. देशाच्या दक्षिण भागात, व्हिस्चुला (पोलिश नाव विस्वा) नदीच्या काठी वसलेले हे शहर मावोपोल्स्का प्रांताचे मुख्य ठिकाण असून लोकसंख्या सुमारे आठ लाख आहे. मराठीत ‘क्रॅको’ हे इंग्रजीवरून आलेले रूप आढळते. पोलिश माणसाच्या तोंडी मात्र ‘क्राकुफ’ असा उच्चार येतो. वॉर्साहून वेगवान रेल्वेने येथे यायला अडीच तासांच्या आसपास लागतात. दोन-तीन दिवसांच्या सहलीसाठी पोलंडमध्ये यापेक्षा सोयीचे शहर नाही, कारण पाहण्यासारखे बहुतेक सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे आणि ते अस्सल आहे. वॉर्साचा जुना भाग १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी जमीनदोस्त केला. आज तिथे दिसते ती युद्धानंतरची पुनर्बांधणी. क्राकूवमध्ये गॉथिक कमान दिसली, तर ती बहुधा गॉथिक काळातलीच असते. इमारती वाचल्या, पण युद्धापूर्वी शहराच्या लोकसंख्येत जवळजवळ चौथा हिस्सा असलेला ज्यू समाज वाचला नाही. या दोन्ही बाजू पाहता येतील एवढा वेळ राखून ठेवला की निम्मे नियोजन झाले. त्यासाठी तीन रात्रींचा मुक्काम हवा. दोन रात्रींत शहर उरकते, पण मग शहराबाहेरच्या जागांचा मोह सोडावा लागतो.

शहराची घडण : कॉर्दोबाकडचा व्यापारी इब्राहिम इब्न याकूब याने दहाव्या शतकात केलेला उल्लेख हा क्राकूवचा पहिला लेखी दाखला मानतात. इ.स. १००० मध्ये येथे बिशपचे पीठ आले आणि अकराव्या शतकात राजधानी. १२४१ मध्ये मंगोल स्वारीत गाव जळाले. या नाशामुळेच आजचा नकाशा घडला, असे म्हणायला हरकत नाही. ड्यूक बोलेस्वाव याने १२५७ मध्ये माग्देबुर्ग कायद्यानुसार नगराची सनद दिली आणि मध्ये सुमारे २०० मीटर लांबी-रुंदीचा चौक ठेवून भोवती काटकोनात रस्ते आखले. साडेसातशे वर्षे ही आखणी टिकली असल्याने नवख्या माणसालाही येथे वाट चुकणे अवघड जाते. १३६४ मध्ये काझिमिएश तिसरा याने विद्यापीठ स्थापले. कोपर्निकस १४९१ मध्ये तिथेच दाखल झाला. १६०० च्या आगेमागे राजदरबार वॉर्साला हलला, तरी राजांचे अभिषेक आणि दफनविधी क्राकूवलाच होत राहिले. १७९५ च्या तिसऱ्या फाळणीत शहर ऑस्ट्रियाकडे गेले, १८१५ ते १८४६ या काळात नावापुरते ‘स्वतंत्र नगर’ होते आणि पुन्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेले. जुना तट पाडला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. त्या जागी लावलेली सुमारे चार किलोमीटरची बाग, म्हणजे प्लांती, आजही जुन्या शहराला वेढून आहे. मुक्कामाची जागा निवडताना हीच खूण धरावी: प्लांतीच्या आत राहणे महाग आणि रात्री गोंगाटाचे, तिच्या लगत बाहेर राहणे स्वस्त आणि तितकेच सोयीचे. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी केली, त्या बारा स्थळांत क्राकूवचा जुना भाग होता.

पहिला दिवस चौकात आणि वावेलवर घालवावा. रिनेक ग्वुव्नी हा मुख्य चौक सकाळी आठच्या आधी पाहिला तरच त्याचा विस्तार कळतो. नंतर तो छत्र्या, घोडागाड्या आणि सहलींच्या झुंडींनी भरून जातो. मधोमध सुकिएनित्से ही कापडबाजाराची लांबट इमारत आहे. १५५५ च्या आगीनंतर तिला प्रबोधनकाळातले रूप मिळाले. खालच्या गाळ्यांतल्या भेटवस्तूंत वेळ घालवण्याजोगे फारसे नाही. वरच्या मजल्यावर एकोणिसाव्या शतकातील पोलिश चित्रांचे दालन आहे, तिकडे मात्र जावे. चौकाच्या पोटात उत्खननात सापडलेले मध्ययुगीन रस्ते आणि दुकाने २०१० पासून संग्रहालय म्हणून खुली आहेत.

चौकाच्या कोपऱ्यावरच्या सेंट मेरी चर्चचे दोन मनोरे उंचीने सारखे नाहीत. उंच मनोऱ्यावरून दर तासाला अग्निशामक दलाचा शिपाई चार दिशांना तुतारी फुंकतो आणि सूर मध्येच तुटतो. या धुनेला हेइनाऊ म्हणतात. दुपारी बाराची हेइनाऊ पोलिश रेडिओ १९२७ पासून प्रक्षेपित करतो. मंगोल बाण पहारेकऱ्याच्या गळ्यात घुसला म्हणून सूर तुटतो, असे वाटाडे सांगतात. ही कथा गोड आहे, पण जगभर पसरली ती एरिक केली या अमेरिकी लेखकाच्या १९२८ मधील बालकादंबरीमुळे. चर्चच्या आत वित स्त्वोश याने १४७७ ते १४८९ या काळात लिंडनच्या लाकडात कोरलेली वेदी आहे. जर्मनांनी ती युद्धात न्युरेंबर्गला पळवली होती, १९४६ मध्ये ती परत आली. तिचे पंख दुपारच्या सुमारास उघडले जातात, तो क्षण गाठावा. घाईच्या प्रवाशाने क्राकूवमध्ये एकच अंतर्भाग पाहायचा ठरवला, तर तो हा.

चौकातून दक्षिणेकडे ग्रोत्स्का रस्त्याने पंधरा मिनिटांत वावेल टेकडी येते. येथील कॅथेड्रलमध्ये पोलंडचे बहुतेक राजे पुरलेले आहेत, शिवाय कवी मित्स्किएविच आणि सेनानी कोश्चुश्को हेही. बार्तोलोमेओ बेरेच्ची या इटालियन वास्तुविशारदाचे झिग्मुंत चॅपेल (१५१९–३३) आल्प्सच्या उत्तरेकडील प्रबोधनशैलीचा सर्वोत्तम नमुना समजले जाते. मनोऱ्यातील झिग्मुंत घंटा १५२० ची असून ती केवळ मोठ्या सणांना आणि राष्ट्रीय प्रसंगीच वाजते. किल्ल्यात झिग्मुंत ऑगस्ट राजाने जमवलेली फ्लेमिश भित्तिवस्त्रे आहेत. युद्धकाळात ती कॅनडात दडवली होती. किल्ल्याच्या प्रत्येक दालनाचे तिकीट निराळे असते आणि कॅथेड्रलचे त्याहून निराळे. सगळी तिकिटे काढण्याचा अट्टहास करू नये, दोन पुरतात. रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे कॅथेड्रल पर्यटकांना बंद असते. टेकडीखाली ड्रॅगनची गुहा आहे आणि तिच्या तोंडाशी खराखुरा जाळ ओकणारा धातूचा ड्रॅगन. मुले बरोबर असतील तर येथून लवकर निघण्याची आशा ठेवू नये.

भारतीय प्रवाशाला वावेलवर एक अनपेक्षित शब्द कानी पडतो: ‘चक्र’. जगातील सात चक्रांपैकी एक या टेकडीत आहे, अशी समजूत दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गूढवादी मंडळींत रुजली आणि प्रांगणातील एका भिंतीला पाठ टेकून ‘ऊर्जा’ घेणारे लोक अजून दिसतात. किल्ल्याच्या व्यवस्थापनाला हे आवडत नाही. भारताशी खरा धागा शोधायचा तर यागिएलोनियन विद्यापीठाकडे वळावे. तिथे संस्कृतचे अध्यापन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. विद्यापीठाची सर्वांत जुनी इमारत, कोलेगियुम मायुस, चौकापासून पाच मिनिटांवर असून तिचे कमानींचे अंगण पाहण्यासारखे आहे. पोलंडचे नाव निघाले की कोल्हापूरकरांना वळिवडे आठवते. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. पण ती माणसे प्रामुख्याने पूर्व पोलंडमधून सोव्हिएत रशियात हद्दपार झालेली होती; क्राकूवशी त्या वसाहतीचे नाते लावणे बरोबर नाही.

चार्तोरिस्की संग्रहालयात लिओनार्दोचे ‘लेडी विथ ॲन अर्मिन’ हे चित्र आहे. पोलिश सरकारने २०१६ मध्ये हा सारा संग्रह दहा कोटी युरोंना विकत घेतला. चित्र लहान आहे; त्यासमोर गर्दी नसेल अशी वेळ म्हणजे दार उघडल्यानंतरचा पहिला तास.

दुसरा दिवस : काझिमिएश आणि पोदगुझे हे दोन भाग एकाच दिवशी, याच क्रमाने पाहावेत, त्यामागे कारण आहे. काझिमिएश हे १३३५ मध्ये वसवलेले स्वतंत्र नगर होते. १४९५ मध्ये क्राकूवमधील ज्यूंना तिथे हलवण्यात आले आणि पुढची साडेचारशे वर्षे ते मध्य युरोपातील ज्यू विद्वत्तेचे एक केंद्र राहिले. शेरोका रस्त्यावरचे जुने सिनेगॉग, सोळाव्या शतकातील रेमू सिनेगॉग आणि त्याला लागून असलेली दफनभूमी यांत हा इतिहास दिसतो. त्याच रस्त्यावर संध्याकाळी ज्यू संगीताच्या मैफली आणि ‘ज्यू पद्धतीची’ हॉटेले भरतात. चालवणारे बव्हंशी ज्यू नसतात. त्यात फसवणूक आहे असे नाही, पण कोणाच्या अनुपस्थितीत हा बाजार भरतो आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असावे.

ते कळायला नदी ओलांडावी लागते. २०१० मध्ये बांधलेल्या बेर्नात्का या पादचारी पुलाने पोदगुझेत पोचता येते. मार्च १९४१ मध्ये जर्मनांनी शहरातील ज्यूंना याच भागात कोंडले आणि १३ व १४ मार्च १९४३ रोजी घेटो रिकामा केला: धडधाकट माणसे प्वाशूफच्या छावणीत, अनेक जण रस्त्यांवरच ठार, उरलेले ऑश्वित्झला. ज्या चौकातून लोकांना नेले, तिथे आज धातूच्या रिकाम्या खुर्च्या ओळीने मांडल्या आहेत. चौकाच्या कडेला तादेऊश पान्किएविच या पोलिश औषधविक्रेत्याचे दुकान संग्रहालय म्हणून जपले आहे. घेटोत राहून तेथील लोकांना मदत करणारा तो एकमेव बिगरज्यू दुकानदार. ल्वोव्स्का रस्त्यावर घेटोच्या भिंतीचा तुकडा शिल्लक आहे. भिंतीचा माथा थडग्यांच्या शिळांसारखा गोलाकार घडवलेला होता. ऑस्कर शिंडलरचा कारखाना येथून चालत दहा मिनिटांवर आहे. त्याच्यावरील १९९३ च्या चित्रपटामुळे तिथे यंत्रे आणि यादी पाहायला मिळेल या अपेक्षेने लोक जातात. प्रत्यक्षात ते १९३९ ते १९४५ मधल्या व्याप्त क्राकूवचे संग्रहालय आहे, आणि त्यामुळेच अधिक मोलाचे. तिकीट ऑनलाइन आधी काढावे, ऐनवेळी मिळण्याचा भरवसा नसतो.

तिसरा दिवस : वियेलिच्काची मिठाची खाण की ऑश्वित्झ, हा प्रश्न येथे प्रत्येकापुढे येतो. सहल कंपन्या दोन्ही एकाच दिवसात दाखवण्याची तिकिटे विकतात. ती घेऊ नयेत. ऑश्वित्झमध्ये किमान अकरा लाख माणसे मारली गेली, त्यांतील सुमारे दहा लाख ज्यू. तिथून निघून त्याच दुपारी मिठाच्या झुंबरांखाली छायाचित्रे काढणे जमत असेल, तर सकाळ वाया गेली असे समजावे. ऑश्वित्झ क्राकूवच्या पश्चिमेला सुमारे ६५ किलोमीटरवर, ओश्व्येंचिम गावी आहे. मुख्य छावणी आणि बिर्केनाउ मिळून किमान साडेतीन तास लागतात, जाण्या-येण्याचे तीन तास वेगळे. प्रवेशाची वेळ स्मारकाच्या संकेतस्थळावर नोंदवावी लागते. हंगामात ती आठवडे आधी भरते. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत आणि चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये, असे स्मारकच सुचवते. वियेलिच्का त्या मानाने सोपी: शहरापासून सुमारे १४ किलोमीटर, लोकल रेल्वेने जाता येते. तेराव्या शतकात सुरू झालेली ही खाण ३२७ मीटर खोल आहे. पर्यटकांचा मार्ग १३५ मीटरपर्यंतच जातो, तरी पायऱ्या सुमारे आठशे आहेत. खाणकामगारांनी मिठातच कोरलेले संत किंगाचे चॅपेल जमिनीखाली १०१ मीटरवर आहे. आत बारमाही गारवा असतो, उन्हाळ्यातही अंगावर काही घ्यावे. गुडघे दुखणाऱ्याने तिकीट काढण्याआधी विचार करावा.

ज्याला यांपैकी कशातच रस नाही, त्याने ट्रामने नोवा हुता गाठावे. पोलाद कारखान्यासाठी १९४९ पासून उभारलेले हे समाजवादी नमुना-नगर, आणि देवाला जागा नसलेल्या त्या नगरात कामगारांनी वर्षानुवर्षे झगडून बांधलेले, १९७७ मध्ये आर्चबिशप कारोल वोयतिवा यांच्या हस्ते अर्पण झालेले चर्च. पुढच्याच वर्षी वोयतिवा पोप जॉन पॉल दुसरे झाले.

खाणेपिणे : रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळणारी ओब्वाझानेक ही पीळ दिलेली खसखशीची कडी सकाळी ताजी असतानाच खावी, दुपारनंतर ती चिवट होते. शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही, मात्र विचारून खावे लागते. पिएरोगी म्हणजे करंजीच्या आकाराचे उकडलेले पदार्थ. त्यांतील ‘रुस्किए’ प्रकारात बटाटा आणि ताजे चीज असते, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात. ‘बेझ स्क्वारेक’ एवढे दोन शब्द पाठ करून जावेत. झुरेक हे राईच्या आंबवणाचे आंबट सूप चवीला आंबिलीच्या जवळपास जाते, फक्त त्यात अंडे आणि सॉसेज पोहत असतात. ‘बार म्लेच्नी’ नावाच्या, समाजवादी काळापासून चालत आलेल्या साध्या खाणावळींत स्वस्त आणि घरगुती जेवण मिळते. काझिमिएशमधील नोवी चौकात लांब पावावर मशरूम आणि चीज भाजून दिलेले झापिएकान्का रात्री उशिरापर्यंत मिळते.

व्यवहार : भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. चलन झ्वोती आहे, युरो नव्हे. पैसे बदलायचे तर विमानतळ टाळून शहरातील ‘कांतोर’ गाठावा आणि फलकावरील खरेदी-विक्रीच्या दरांतील फरक आधी पाहावा. बालित्से विमानतळावरून मुख्य स्थानकापर्यंत रेल्वे वीसेक मिनिटांत पोचते. ट्रामचे तिकीट मिनिटांच्या हिशेबाचे असते आणि आत चढताच यंत्रावर छापून घ्यावे लागते; न छापलेले तिकीट तपासनिसाच्या लेखी विनातिकीटच. बहुतेक रविवारी मोठी दुकाने बंद असतात आणि सोमवारी बरीचशी संग्रहालये. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जानेवारीत पारा शून्याखाली असतो. घरगुती शेगड्यांचा धूर ही शहराची जुनी व्याधी होती, म्हणून सप्टेंबर २०१९ पासून शहरात कोळसा आणि लाकूड जाळण्यास बंदी आहे. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी मात्र थंडीची पर्वा न करता यावे: चमचमत्या वर्खाच्या कागदांतून क्राकूवच्याच मनोऱ्यांच्या नमुन्यावर बनवलेल्या ख्रिस्तजन्माच्या देखाव्यांची, म्हणजे शोप्कांची, स्पर्धा त्या दिवशी मुख्य चौकात भरते. ती १९३७ मध्ये सुरू झाली. १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, दुकाने आणि बहुतेक संग्रहालये बंद असतात. त्या संध्याकाळी नोबेल पारितोषिकविजेत्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का जिथे पुरल्या आहेत ती राकोवित्स्की दफनभूमी हजारो दिव्यांनी उजळते. मुख्य स्थानकापासून ती पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे.