इतिहासाच्या वाड्यांतील पिशाच्च

ऐतिहासिक प्रणयकथेंत भूतपिशाच्च, शकुन, स्वप्नदृष्टांत इत्यादि अद्भुत गोष्टी आल्या म्हणजे आमचे विद्वान् टीकाकार नाक मुरडतात. इतिहास म्हणजे झालेल्या गोष्टींचा वृत्तांत, आणि पिशाच्च तर मुळांतच असंभाव्य. तेव्हां या दोहोंची एकत्र मोट बांधणें म्हणजे वाचकाच्या भोळेपणाचा फायदा घेणें होय, असा त्यांचा आक्षेप असतो. हा आक्षेप अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हा वाङ्मयप्रकार ज्या इंग्लंड देशांत वाढीस लागला, तेथील त्याच्या पहिल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला असतां एक निराळीच गोष्ट नजरेस येते. या कथांतील उत्तम पिशाच्चें आपलें कांहीं येणें वसूल करावयास आलेलीं असतात. भीति ही त्यांच्यामागून येते. हें म्हणणें वाचकांनीं स्वतःच पारखून घ्यावें, म्हणून तो इतिहास थोडक्यांत देतों.

इ. स. १७६४ च्या डिसेंबरांत लंडन शहरीं ‘ओट्रांटोचा किल्ला’ या नांवाची एक लहानशी कादंबरी प्रसिद्ध झाली. तीवर खऱ्या लेखकाचें नांव नव्हतें. ओट्रांटो येथील ओनुफ्रिओ मुराल्टो नामक धर्माधिकाऱ्याच्या इटालियन ग्रंथाचें हें भाषांतर होय, असें मुखपृष्ठावर छापलें होतें. आणि मूळ ग्रंथ इ. स. १५२९ सालीं नेपल्स येथें छापलेला असून उत्तर इंग्लंडांतील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहांत सांपडला, अशी प्रस्तावनेंत माहिती होती. हें सर्व बनावट होतें. खरा लेखक होरेस वॉल्पोल हा माजी मुख्य प्रधान रॉबर्ट वॉल्पोल याचा मुलगा, पार्लमेंटचा सभासद आणि ट्विकनहॅम येथें ‘स्ट्रॉबेरी हिल’ नांवाचा मध्ययुगीन थाटाचा वाडा उठविणारा हौशी गृहस्थ होता. एका मोठ्या जिन्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला प्रचंड हात आपणांस स्वप्नांत दिसला आणि त्याच दिवशीं संध्याकाळीं आपण लिहावयास बसलों, असें त्यानें एका मित्रास पत्रांतून कळविलें आहे.

पहिल्या आवृत्तीच्या पांचशें प्रती लवकरच संपल्या. १७६५ मध्यें दुसरी आवृत्ति काढतांना वॉल्पोलनें आपलें कर्तृत्व कबूल केलें आणि जुन्या काळच्या अद्भुतकथेचा व नव्या काळच्या स्वाभाविक कथेचा संगम साधण्याचा आपला हेतु होता, असें सांगितलें. गंमत अशी कीं, ‘मंथली रिव्ह्यू’ या ज्या नियतकालिकानें पहिल्या आवृत्तीची वाखाणणी केली होती, त्यानेंच आतां लेखकास धारेवर धरलें. जुन्या काळच्या धर्माधिकाऱ्यानें भुतांवर विश्वास ठेवावा हें क्षम्य, पण सुधारलेल्या काळांतील विद्वानानें असें लिहावें हें अक्षम्य! पुस्तकांतील एकही चमत्कार बदलला नव्हता. बदललें होतें तें केवळ त्याचें वय. भुतास इतिहासाचा दाखला असला तर तें चालतें, नसला तर चालत नाहीं, ही गोष्ट या प्रसंगानें प्रथमच उघड झाली.

आतां त्या कथेंतील पिशाच्च काय मागतें तें पाहूं. मॅनफ्रेड या राजाच्या मुलाचें इझाबेलाशीं लग्न लागणार, तोंच आकाशांतून एक अवाढव्य शिरस्त्राण पडून मुलगा चिरडला जातो. वंश खुंटेल या भयानें मॅनफ्रेड आपल्या पत्नीस टाकून इझाबेलेशीं स्वतःच लग्न करूं पाहतो. पुढें तसबिरींतील पुरुष चौकटींतून खालीं उतरतो, पुतळ्याच्या नाकांतून रक्त ठिबकतें, आणि शेवटीं आल्फोन्सो या पूर्वीच्या राजाची प्रचंड आकृति भग्न किल्ल्यावर उभी राहते. या सर्वांचें मूळ एका दस्तऐवजांत आहे. मॅनफ्रेडच्या आजोबानें आपला धनी आल्फोन्सो यास विष घातलें आणि खोट्या मृत्युपत्राच्या जोरावर राज्य बळकावलें. खोटा कागद दरबारीं मान्य झाला. खऱ्या वारसाजवळ कागदच नव्हता. जें कागदानें सिद्ध होईना, तें सिद्ध करावयास पिशाच्चास यावें लागलें. वारसास राज्य मिळतें. पण मॅनफ्रेड चुकून आपल्याच मुलीच्या, मॅटिल्डाच्या, छातींत खंजीर खुपसतो. पणजोबाच्या पापाचें देणें पणतीनें फेडलें!

यानंतर क्लॅरा रीव्हबाईंनीं १७७७ मध्यें एक कथा लिहिली. तीच पुढील वर्षीं ‘जुना इंग्लिश सरदार’ या नांवानें प्रसिद्ध झाली. वॉल्पोलचे चमत्कार इतके भडक आहेत कीं, वाचकास भीतीच्या जागीं हसूं येतें, असें या बाईंचें मत. त्यांनीं आपल्या भुतास मर्यादेंत ठेविलें. वॉल्पोलला तें पुस्तक नीरस वाटलें, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. तथापि दोघांचा गाभा एकच. येथेंही खून झालेला धनी, गरिबाच्या झोंपडींत वाढलेला त्याचा मुलगा, आणि त्यास त्याचें घर परत देवविणारें पिशाच्च आहे.

ॲन रॅडक्लिफबाईंनीं निराळीच वाट धरली. त्यांची ‘उडॉल्फोचीं रहस्यें’ ही कादंबरी १७९४ मध्यें निघाली. तिच्याबद्दल त्यांस पांचशें पौंड मिळाले. कथेचा काळ इ. स. १५८४ चा. किल्ल्यांतील प्रत्येक आवाजास व सांवलीस बाईंनीं शेवटीं लौकिक कारण दिलें आहे. काळ्या पडद्याआड जें पाहून नायिका एमिली मूर्च्छित पडते, तो केवळ मेणाचा पुतळा निघतो! पुष्कळ वाचकांस येथें फसल्यासारखें वाटतें. परंतु भूत वजा घातल्यावर मागें काय उरतें? एका पोरक्या मुलीनें आपल्या जमिनीवर पाणी सोडावें म्हणून तिला किल्ल्यांत कोंडून सहीसाठीं छळणारा माँटोनी उरतो. मेणाचा पुतळा खोटा ठरला, तरी त्या सहीचें भय खोटें ठरत नाहीं.

याच बाईंनीं एक पुस्तक लिहून ठेविलें होतें, तें त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्यें प्रसिद्ध झालें. ‘गॅस्टन द ब्लाँडेव्हिल’ हें तें पुस्तक. यांत राजा तिसरा हेन्री याच्या दरबारीं एक व्यापारी राजाच्या लाडक्या सरदारावर खुनाचा आरोप करतो आणि स्वतःच बंदींत पडतो. येथें मात्र बाईंनीं पिशाच्चास लौकिक कारण दिलें नाहीं. तें खरेंच आहे. जेथें राजसभा साक्षीदारालाच कोंडते, तेथें मेलेल्यास साक्षीस यावें लागतें.

सर वॉल्टर स्कॉटला हें मर्म ठाऊक होतें, आणि तो एकदां तें विसरलाही. ‘मठ’ या १८२० मधील कादंबरींतील त्याची शुभ्रवसना यक्षिणी धर्मोपदेशकास नदींत बुडवून गंमत करते. वाचकांस ती रुचली नाहीं. उलट ‘रेडगाँटलेट’ या १८२४ च्या कादंबरींत एक आंधळा वादक आपल्या आजोबाची गोष्ट सांगतो, ती या प्रकारांतील रत्न होय. कुळानें खंड भरला, पण पावती देण्यापूर्वींच जमीनदार मेला आणि पैसेही नाहींसे झाले. मुलगा पुन्हा खंड मागूं लागला, तेव्हां कुळानें मेलेल्या धन्याच्या दरबारीं जाऊन सहीची पावती आणली! गरिबाचें सर्वस्व एका पावतीवर टांगलेलें असतें, हें ज्यास कळलें त्यासच असें भूत सुचावें.

आमच्या भाषेंत अद्भुताचें आगमन निराळ्या दारानें झालें. ‘मंजुघोषा’ या १८६८ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेंत नारो सदाशिव रिसबूड यांनीं स्पष्टच सांगितलें आहे कीं, आमच्या विवाहपद्धतीमुळें व इतर कारणांनीं आम्हां हिंदूंच्या नित्याच्या आयुष्यांत मनोवेधक असें कांहीं नसल्यानें मनोरंजनासाठीं अद्भुताची कांस धरावी लागते. म्हणजे येथें अद्भुत आलें तें उणीव भरून काढावयास. येणें वसूल करावयास नव्हे. पुढें १८७१ मध्यें रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’नें शिवकालाकडे वाट काढली आणि ऐतिहासिक कादंबरी स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

वस्तुतः आमच्या गांवोगांवच्या भुतांस आपलें येणें पक्कें ठाऊक आहे. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वीं मेलेला मुंजा पिंपळावर बसतो, बाळंतपणांत मेलेली हडळ होते. प्रत्येकाच्या मागें अपुरें राहिलेलें आयुष्य आहे. बखरींत राजांचीं नांवें येतात, यांचीं येत नाहींत. म्हणून जो लेखक आपल्या ऐतिहासिक कथेंत पिशाच्च आणूं इच्छितो, त्यानें प्रथम त्याला विचारावें कीं, बाबा, तुझें कोणाकडे काय निघतें? उत्तर मिळालें तर त्यास खुशाल वाड्यांत घ्यावें. उत्तर न मिळेल तर त्यास पिंपळावरच राहूं द्यावें, हें बरें.