शिसे, कथील आणि दोन लॅटिन शब्द

आवर्तसारणीत शिशासाठी ‘पीबी’ आणि कथिलासाठी ‘एसएन’ ही अक्षरे येतात; ती प्लंबम आणि स्टॅनम या लॅटिन शब्दांवरून घेतली आहेत हे शाळेत सांगितले जाते, परंतु रोमन काळात हे दोन शब्द या दोन धातूंना असे वाटून दिलेले नव्हते, ही त्याहून मोलाची गोष्ट सांगायची राहून जाते.

पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी आपल्या ‘नॅचुरालिस हिस्टोरिया’ या ज्ञानकोशवजा ग्रंथाच्या 34व्या भागात प्लंबमच्या दोन जाती सांगतो: काळे प्लंबम म्हणजे शिसे आणि पांढरे प्लंबम म्हणजे कथील. दोन्ही धातू मऊ आणि थोड्या आचेवर वितळणारे असल्यामुळे त्यांना एकाच कुळात बसवणे त्या काळी स्वाभाविकच होते. स्टॅनम हे नाव मात्र तो तिसऱ्याच पदार्थाला देतो. चांदीचा अंश असलेले शिशाचे खनिज भट्टीत तापवले असता जो रस सर्वांत आधी वाहू लागतो, तो त्याच्या लेखी स्टॅनम होय. त्याचा लेप दिलेल्या तांब्या-काशाच्या भांड्यात अन्नाला चव येते आणि ताम्रकिटाचे विष आवरले जाते, असेही तो नमूद करतो. तापवलेल्या पातेल्यात नवसागर टाकून, कथिलाची कांडी टेकवून, कापसाच्या बोळ्याने तो चकचकीत थर सर्वत्र फिरवणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे आणि कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कसे कळकते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना प्लिनीचे हे वाक्य परके वाटणार नाही. पुढे चौथ्या शतकाच्या सुमारास स्टॅनम हा शब्द कथिलाला चिकटला आणि प्लंबम शिशापुरते उरले.

शिशाचा मोठा खप नळांसाठी होता. ओतलेला पत्रा वळवून, सांधा बुजवून नळ तयार होई आणि रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस सांगतो त्याप्रमाणे वळवण्यापूर्वी पत्र्याची रुंदी जितकी बोटे, त्यावरून नळाला नाव मिळे. शिशाच्या नळातील पाणी प्रकृतीला अपायकारक असल्याचा इशाराही त्यानेच दिला होता. शिशाचे काम करणारा तो प्लंबारियस, आणि मराठीत रुळलेला ‘प्लंबर’ हा शब्द इंग्रजीमार्गे त्याच्यापासूनच आलेला आहे, जरी आजच्या प्लंबरच्या हाती बहुधा प्लास्टिकचा नळ असतो.

भारतात तांबे नाही, शिसेही नाही, म्हणून तेथील लोक रत्ने आणि मोती देऊन ते घेतात, असे प्लिनीने लिहिले. हे विधान खरे नाही, कारण राजस्थानात दोन्ही धातूंच्या प्राचीन खाणी आहेत. तरीही त्यामागे प्रत्यक्ष व्यापार होता. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नोंद आहे, आणि दख्खनमध्ये सातवाहन राजे शिशाची नाणी पाडत होते.

या जुन्या शब्दांना आजचे स्थान मिळाले ते स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्यामुळे. 1813-14 मध्ये त्यांनी इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डाल्टन यांच्या वर्तुळाकार चिन्हांऐवजी लॅटिन नावांची आद्याक्षरे सुचवली, कारण अक्षरे लिहायला सोपी जातात आणि छापील पान विद्रूप करत नाहीत. दोन धातूंची पहिली दोन अक्षरे सारखी असल्यास आद्याक्षराला पुढचे पहिले वेगळे व्यंजन जोडावे, असा त्यांचा नियम होता. अँटिमनीचे लॅटिन नाव स्टिबियम आणि स्टॅनम या दोहोंचा आरंभ ‘एस’ आणि ‘टी’ यांनीच होत असल्यामुळे ‘एसटी’ त्यांनी अँटिमनीला दिले आणि कथिलाच्या वाट्याला ‘एसएन’ आले.