शंकरपट

पूर्व विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीचा पारंपरिक प्रकार. भंडारा जिल्ह्यात, १९९९ साली त्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात, तसेच गडचिरोली व चंद्रपूरच्या झाडीपट्टीत तो विशेष रुजला आहे. ‘पट’ म्हणजे धावण्याचा सरळ पट्टा. नावातील शंकराचा संबंध नंदीशी जोडला जातो.

भंडारा हा भाताचा जिल्हा. धान कापून चुरणे उरकले, की बांध्या मोकळ्या होतात आणि बैलांनाही उसंत मिळते; पटाचा हंगाम याच सुमारास सुरू होतो. हलक्या छकड्याला जुंपलेल्या जोड्या सपाट केलेल्या पट्ट्यावर पळवितात. फ्रान्समध्ये लाँशां येथे १८५७ पासून चालत आलेल्या शर्यतींत घोड्याची वंशावळ नोंदवहीत सापडते. पटाच्या बैलाची कीर्ती मात्र तोंडोतोंडीच गावोगाव पसरते.

पटाला केवळ शर्यत मानणे अपुरे ठरेल. लांबून आलेले पाहुणे रात्री गावातच मुक्कामी राहत. त्यांच्या करमणुकीसाठी दंडार व पुढे नाटके होऊ लागली. झाडीपट्टी रंगभूमीच्या भरभराटीमागे हे एक मोठे कारण होय. दिवसा पट आणि रात्रभर नाटक, ही जोड इतकी पक्की, की पट थांबला तेव्हा त्याची झळ नटांनाही बसली.

तो थांबला, त्याला सबळ कारण होते. जोडी वेगाने पळावी म्हणून शेपटी पिरगाळणे, टोचणी लावणे असे प्रकार शर्यतींत चालत. केंद्र शासनाने जुलै २०११ मध्ये प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना सशर्त मुभा दिली. बैलास इजा केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास, अशी तरतूद केली. ही मुभा लगेच अंमलात आली नाही. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला.

पट पुन्हा भरू लागले. दरम्यान नांगरणी बरीचशी ट्रॅक्टरकडे गेल्याने शेतकऱ्याच्या गोठ्यातील बैल कमी झाले होते. पूर्वी शेतात राबणारी जोडीच पटावर उतरे; आता खास शर्यतीसाठीच बैल पोसले जातात, आणि तो खर्च लहान शेतकऱ्याला झेपणारा नाही.